कापसाच्या खोलीतलं ट्रेबल

— नाही नाही सर, तुम्ही पहिले बसा. पिशवी इथं टेबलावर ठेवा, हां, हळू — ॲम्प्लिफायर हाय तो, कांद्याची गोणी नाही. स्पीकर घरीच ठेवले ना? बरं केलं, माझे हायेत इथं दोन. अन् तुम्ही असे इकडं सरका, दाराच्या उजेडात, मले तुमचं तोंड दिसू द्या. नीळकंठ सर माझ्या दुकानात आले अन् मले त्यायचं तोंडच दिसत नाही, असं कसं चालंन? चहा सांगतो. घेत नाही? आज घ्या. काय म्हणता — नाही, म्हणूच नका, मले माहीत हाय तुम्ही काय म्हणणार हाय ते. खुर्शीद, तू मागच्या शुक्रवारी घरी येऊन सेटिंग करून गेला, तव्हापासून टेप किरकिर करून राह्यला. हेच ना? मंग झालं तर. तुम्ही बोलायची तकलीफ कायले घेता, दोघायच्या वाटचं मीच बोलतो.

या महिन्यात तुम्ही चौथे. पहिली आली मनकर्णाबाई — डोक्यावर टेप घेऊन आली, अन् सगळ्या स्टँडवर सांगत आली का खुर्शीदनं ट्रेबल असं लावून ठेवलं, सकाळी भजन लावलं की म्हैस दूध चोरते. आता म्हैस दूध चोरते त्यात माझा काय दोष? सरकीची ढेप देत नसंन बाई. दुसरा किसनराव. तिसरा तो पोस्टातला — त्याचं सोडा, त्याले तर स्वतःच्या बायकोचा आवाजही किरकिरा लागते. पण तुम्ही दारात दिसले अन् मले मागच्या दारानं पळावंसं वाटलं, खोटं कायले सांगू. कारण या वडनेरात गाणं कळणारा माणूस एकच, तो म्हणजे तुम्ही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण जीव सारा पेटीत. माझा आमीर तुमच्याच हाताखाली पास झाला — ते पाप तुमचंच हाय सर, नाहीतर आज इथं माझ्यासंग बसला असता, मलकापुरात मोबाइलचे कव्हर विकत नसता. तो म्हणते, अब्बा, आता बस झालं, दुकान बंद करा, लोकं नावं ठेवून राह्यले. म्या त्याले सांगतलं, लोकायचं सोड. ज्या दिवशी नीळकंठ सर म्हणतीन का खुर्शीदचा कान गेला, त्या दिवशी मी हे शटर पाडीन अन् किल्ली तुले देईन. बोलून बसलो मी. म्हणून तुम्ही काही म्हणायच्या आधी माझं पुरं ऐकून घ्या.

आता हे पाहा. हे बास, जाड आवाजाचं. हे ट्रेबल, बारीक आवाजाचं. दुसरे मेकॅनिक आकडे पाहतात, मी घड्याळ पाहतो. नॉबची रेघ सरळ वर असली म्हणजे बारा वाजले. तुमच्या घरचं बास अकरावर, ट्रेबल साडेबारावर. हा तुमचा टाइम. हा लाल ठिपका दिसते? आठ वर्षं झाले याले, शाइस्ताच्या नेलपॉलिशनं लावलेला. बायकोचं नेलपॉलिश चोरून गावभरच्या नॉबले लावत फिरलेला माणूस मीच. पहिले पहिले तिले वाटलं कोणाच्या तरी बोटाले लावून राह्यलो. दोन दिवस जेवायले दिलं नाही. मंग एक दिवस किसनरावच्या घरी बारशाले गेली, तथी टेपवर आपला लाल पाह्यला, तव्हा कुठं भाकर भेटली.

अन् सेटिंग मी दुकानात करतच नाही, तुम्हाले माहीत हाय. दुकानात काय, पत्रा अन् लोखंड. माणसाच्या घरी जायचं, तो जिथं बसते तिथंच बसायचं, त्याच्या खाटेवर, त्याच्या खुर्चीत, त्याचीच कॅसेट लावायची अन् टाळ ऐकायचा. मृदंग तर येड्या-बह्याडालेही ऐकू येते, पोटात वाजते तो. टाळाले कान लागते. वाजला हे समजलं पाहिजे, पण टोचला नाही पाहिजे. अन् गाणाऱ्याचा शब्द पुरा निघाला पाहिजे, शेपटासकट. बाकी मंग वूफर कितीही मोठा आणा, लोकं म्हणतात धडधड पाहिजे, धडधड — अरे धडधड पाहिजे तर एसटीच्या मागच्या सीटवर बस ना. तुम्ही हसले. हां, हसा, हसले की मले बरं वाटते.

आता हा दुसरा ठिपका, हिरवा, दोनावर. हा कोणत्या पुस्तकात भेटणार नाही. कपाशीचं बीटी बियाणं नवीन नवीन आलं तव्हाची गोष्ट. किसनरावनं दसऱ्याले नवा डेक घेतला, दोन एवढाले स्पीकर, म्या जाऊन लावून दिला, असा गोड वाजला का शेजारची आशाबाई भिंतीले कान लावून बसली. अन् दिवाळी झाली का हा गडी दुकानात येऊन माझी आई-बहीण काढून राह्यला, गाणारा तोंडात पान धरून गाते म्हणे. गेलो. दार उघडलं, तर खोली कुठं हाय? निरा कापूस. खालून आढ्यापर्यंत. भाव वाढंन म्हणून कोणीच विकत नव्हतं त्या साली, तुम्हाले आठवत असंन — पाहुणे कापसावर, पोट्टे कापसावर, बाळंतीण कापसावर. त्या ढिगातून स्पीकर असे नुसते नाक काढून बसलेले. मी तथीच कापसात बसलो, टाळ्या वाजवून पाह्यल्या, आवाजच नाही. कापसानं सारं ट्रेबल खाल्लं. बास नाही खात कापूस, त्याचं पोट फक्त ट्रेबलवर. म्या नॉब दोनावर नेला, तव्हा गाणाऱ्यानं तोंडातलं पान थुकलं. अन् शिवरात्रीच्या पुढं किसनरावनं कापूस विकला, खोली रिकामी झाली, अन् तोच टेप असा ओरडला का त्याची सासू आठ दिवस राहायले आलेली दुसऱ्या दिवशी गेली. त्यानं म्हटलं राहू दे असंच, पण म्या साडेबारावर आणलं. इमान हाय काही आपल्याले.

तव्हापासून दोन ठिपके. लाल म्हणजे कापूस गेला, हिरवा म्हणजे कापूस घरात. हिरव्या नेलपॉलिशसाठी मलकापूरले गेलतो, त्या कटलरीवाल्यानं असं पाह्यलं माझ्याकडं, दाढीकडं पाह्यलं, मंग बाटलीकडं. दिवाळी झाली की मी घरोघर, हिरव्यावर न्यायचं. शिवरात्र झाली की पुन्हा घरोघर, लालवर आणायचं. सेट तव्हा गावात दर चौथ्या घरी. कोणाच्या खोलीत किती कापूस हाय हे तलाठ्याले माहीत नव्हतं, मले होतं. नुसतं गाणं ऐकून सांगत होतो रस्त्यावरून — यानं अर्धा विकला, यानं पुरा विकला, याच्या इथं बायकोले माहीत नाही पण दोन क्विंटल रात्रीतून गेला. एवढा कान होता सर. घमेंड नाही करून राह्यलो. करून राह्यलो, पण खरी करून राह्यलो.

मंग काय झालं ते तुम्हीच पाह्यलं. कापूस आटला. अळी येणार नाही म्हणे, आली. पाऊस येईन म्हणे, नाही आला. आता वेचला की तसाच गाडीत, तसाच व्यापाऱ्याकडं, घरात एक रात्र राहत नाही. खोल्या रिकाम्याच्या रिकाम्या, घुमतात नुसत्या. हिरवा ठिपका कोणाच्या कामाचा राह्यला नाही. नवा सेट कोणी घेईना, जुना दुरुस्त करीना, अन् पोट्ट्यायच्या हातात मोबाइल आला, त्यात कायचं बास अन् कायचं ट्रेबल, डब्यात मुंगळा धरल्यासारखं वाजते ते. दुकानात माशा मारत होतो मी. म्हणून मंग जिनिंगले लागलो मलकापुरात — तुम्हाले वाटलं असंन खुर्शीद कुठं गेला दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. चार सीझन केले. एका शेडात चोवीस मशिनी, सरकी एकीकडं अन् रुई एकीकडं, अन् असा आवाज, असा आवाज का शेजारच्याले शिवी दिली तरी तो हसून मान हलवते. फोरमन सगळ्यायले रुईचे बोळे द्यायचा कानात घालायले. म्या काढून फेकले. म्या म्हटलं, कानाचं काम करणाऱ्यानं कान बुजवायचा? मी उघड्या कानानं फिरायचो अन् सांगायचो, सात नंबरचं बेअरिंग जाते दोन दिवसात. जायचंच. फोरमन म्हणे, चाचा, तुमचा कान म्हणजे मशीन हाय. मी फुगलो. बेडकासारखा फुगलो.

काय? पाहून राह्यलो तुमच्या तोंडाकडं. थांबा, येतो मी तुमच्यावर, कुठं पळून राह्यलो? मागचा शुक्रवार. तुमच्या डेकचा पट्टा बदलायले आलतो, तो बदलला, मंग शकुंतलाबाईनं म्हटलं बसलेच हा तर सेटिंगही पाहून टाका. तुमच्या खुर्चीत बसलो. तुम्ही बाजारात गेलते. तुमचीच कॅसेट लावली, हनुमान जयंतीले देवळात तुम्ही गायलेली, म्या भरलेली. अन् लावून दिलं. दिलं, अन् शकुंतलाबाई सैपाकखोलीत होत्या, तथून आल्या पदरानं कान झाकून. म्या म्हटलं, वहिनी, चार दिवस तसंच वाटते, पट्टा नवा हाय. पट्ट्याचा अन् ट्रेबलचा काय संबंध? काहीच नाही. खोटं बोललो बाईसंग. अन् नवा ठिपका लावून आलो. हा पाहा. हा किती वाजता हाय?

चारावर.

कापसानं आढ्यापर्यंत भरलेल्या खोलीत दोनावर लागत होतं. तुमच्या खोलीत मागच्या शुक्रवारी काय होतं — एक खुर्ची, एक कॅलेंडर, अन् सुतळीचा गुंडा. कापसाची बोंडीही नाही. डोळ्यानं पाह्यलं म्या. डोळे म्हणतात खोली रिकामी हाय, अन् कान म्हणतात नाही, अजून दे, अजून दे. म्या कानाचं ऐकलं. नेहमीच ऐकलं, म्हणून तर धंदा चालला. मंग घरी येताना म्या विचार केला का तुमची खुर्ची बदलली असंन. नाही बदलली. मंग म्हटलं ट्विटर, ते ट्रेबलचे बारके स्पीकर, तेच गेले असतीन. आजकाल माल येऊनच राह्यला तसा, नांदुऱ्यात अकीलच्या दुकानात पाहा, डब्यावर वाघाचं चित्र अन् आत मांजर. सगळ्याच गोष्टी तशा झाल्या सर. आमच्या घरचा कुकर घ्या. शिट्टीच होत नाही. तीन शिट्ट्या बदलल्या म्या. शाइस्ता म्हणते होते, मी म्हणतो कुठं होते, ती म्हणते तुमच्या कानात बोळे घातले काय, अन् वरण असं जळून येते का भांडण झालं की नाही हे वासावरून समजते.

अन् रातकिडे. तुम्ही शिकलेले हा, तुम्हीच सांगा — नाही, सांगू नका, ऐका. पहिले सांजच्याले मगरिब झाली का कुंपणातून कसे ओरडत होते? आता एक नाही. तीन वर्षं झाले, एक नाही. म्या हे पहिले ओळखलं गावात. बीटीनं मेले. पान खाल्लं का मेले, अळी मरत नाही पण बिचारा रातकिडा मरते. कृषी खात्याचा एक साहेब आलता ग्रामपंचायतीत, कपाशीवर भाषण देऊन राह्यलता, म्या भर सभेत उठून विचारलं त्याले — तुम्ही पिकाचं सांगून राह्यले, आमच्या रातकिड्यायचं काय केलं? सारे हसले. तो साहेबही हसला. अन् म्हणाला, चाचा, आता या घडीले इथं ओरडूनच राह्यले ते. म्या म्हटलं, हे पाहा सरकार, तोंडावर खोटं बोलते. लय टाळ्या पडल्या मले. त्या टाळ्या कशाच्या होत्या, आता मले नीट सांगता येत नाही.

जाऊ द्या ते. चहा आला, घ्या. बशीत घेता का? घ्या, लाजू नका. सर, तुम्हाले एक घरची गोष्ट सांगतो, बाहेर नेऊ नका. आमची फलक. आमीरची पोट्टी. चार वर्षांची झाली, बोलत नाही. म्हणजे सगळे म्हणतात बोलते. शाइस्ता म्हणते पटपट बोलते, आमीर म्हणते बोलते, सून तर म्हणते चूप बसत नाही. अन् माझ्यापुढं आली की नुसतं अं-ऊं, अं-ऊं, सारं गोल गोल, जसं कोणी उशीत तोंड घालून बोलते. मले काय समजत नाही? पोरीची जात, उद्या सोयरीक पाहायची येते, म्हणून लपवून राह्यले सारे मिळून. म्या मनात म्हटलं, लपवा तुम्ही, मी इलाज करतो. राघूनं खाल्लेला पेरू आणून चारला तिले. एकदा नाही, महिनाभर. त्या पेरूसाठी मी या उमरीत झाडावर चढलो. मंग सैलानीबाबाच्या दर्ग्याले घेऊन गेलो, एकटाच, कोणाले न सांगता, चिखलीवरून जीपनं. मन्नत मागितली का या पोट्टीची जबान खुलू दे. अन् सारा रस्ता ती जीपमधल्या बायांकडं पाहून तोंड हलवे अन् त्या बाया हसून हसून लोटपोट. एक बाई मले म्हणाली, चाचा, नात लय गोड बोलते तुमची. म्या तिले असं झापलं, असं झापलं — म्हटलं, मुक्या लेकराची थट्टा करते, तुले देव पाहून घेईन. ती बाई पदरानं डोळे पुसू लागली. फलकनंही तोंड मिटून घेतलं. अन् घरी आल्यावरही म्या तिले समोर उभी करून रोज म्हणायचो, तोंड उघड, जीभ दाखव, बोल — आजोबाले हाक मार, दादा म्हण. ती म्हणायची काहीतरी. म्या म्हणायचो असं नाही, नीट म्हण. डोळे वटारायचो. आता ती माझ्यापुढं तोंड उघडतच नाही. लांबून पाहते अन् आजीच्या मागं जाते.

— तुम्ही कप काऊन ठेवला? असे काऊन पाहून राह्यले?

नाही, बोलू नका. हात नका करू असा. मले माहीत हाय सर मी किती बडबड करून राह्यलो. सकाळपासून जो येते त्याले मी बोलूच देत नाही. मी बोलत राह्यलो म्हणजे मले ऐकावं लागत नाही. हे कोणालेच नाही सांगतलं म्या, तुम्हालेही सांगणार नव्हतो, निघून गेलं तोंडातून. चला. गणिताच्या मास्तरासंग तोंडाचा हिशेब काय करायचा, करूनच दाखवू. हा तुमचा ॲम्प्लिफायर जोडला. ही तुमची कॅसेट, माझ्या डेकवर. इथं पत्रा हाय, घरापेक्षा जरा कडक येईन, पण समजते. वाजली. ट्रेबल चारावर हाय, म्या लावलं तसं. अन् मले विचाराल तर — कसम खाऊन सांगतो — मस्त हाय. टाळ असा समोर. तुम्ही तर डोळेच बारीक केले. बरं. आता नॉबले मी हात लावत नाही. बावीस वर्षांत कोणाले लावू दिला नाही, तुम्ही लावा. डोळे मिटा अन् फिरवा. जिथं तुम्हाले वाटंन हा आपला आवाज, तथी थांबा.

साडेतीन. हां. तीन — थांबा ना इथं, बरं हाय — नाही? अजून? अडीच. दोन. सर, टाळ पातळ झाला. दीड. टाळ गेला सर. आता टाळ नाही याच्यात, तुम्ही जास्त नेलं. एक. थांबले? साडेबारा. न पाहता, डोळे मिटून, बरोबर लालवर. आठ वर्षांपूर्वी म्या जथी थांबवलं तथीच.

आता बोलू नका, मी विचारतो, तुम्ही नुसती मान हलवा. तुमची बोटं मांडीवर पडून राह्यली. दोन, अन् एक, अन् दोन. ती टाळावर पडून राह्यली ना? टाळ हाय तथी? आता पडलं बोट, आता वाजला? आताही? — बरं. बरं, सर. मले तथी काहीच नाही. मृदंग हाय, पेटीचा खालचा भाग हाय, अन् मधात खड्डा. अन् हे गाऊन कोण राह्यलं? तुम्हीच ना? शब्द निघून राह्यले? सारे? मले तर — अं-ऊं. गोल गोल. उशीत तोंड घातल्यासारखं.

हा आवाज मी रोज ऐकतो सर.

राहू द्या, बंद नका करू. चालू द्या. — म्हणजे ती बोलते. जीपमध्ये बोलत होती. पेरू खाताना बोलत होती, मले वाटलं पेरूनं जरा जरा गुण येऊन राह्यला. शाइस्ता खरंच सांगत होती, आमीर खरंच सांगत होता, अन् त्या जीपमधल्या बाईले म्या रडवलं. मी मेकॅनिक माणूस, बावीस वर्षं लोकायले सांगत आलो का ट्रेबल गेलं की माणूस बोबडा वाटते, त्यात माणसाचा दोष नाही, मशीन पाहा. अन् घरच्या लेकराले उभं करून जीभ काढायले लावली. लाज वाटून राह्यली मले. हसा ना सर, तुम्ही काऊन हसत नाही? रातकिड्यांसाठी सरकारले जाब विचारला म्या, हसा ना. ते ओरडूनच राह्यले असतीन सारे, माझ्या नावानं. अन् चार वर्षांची पोट्टी मले काय काय सांगून गेली, अन् म्या तिले म्हटलं नीट म्हण.

बस झालं. आमीरले तुम्ही काही सांगू नका, मी सांगतो. किल्लीही देतो. बोललो तर बोललो. मनकर्णाबाईकडं तेवढं जाऊन तिचं ट्रेबल तुम्ही खाली आणून द्या, किसनरावचंही, तुम्हाले जमते आता, डोळे मिटायचे नुसते. म्हशीची दुवा लागंन तुम्हाले. हे घ्या, तुमची पिशवी, कॅसेट काढून देतो. चहाचे पैसे? चूप बसा.

काय झालं? माझ्या मागं कोणाकडं पाहून राह्यले? घरातून कोणी आलं काय — अरे. तू कव्हा आली गं? सर, ही कव्हाची उभी हाय? एवढा वेळ? हाका मारून राह्यली? किती वेळा — नाही, काय म्हणाली ते तुम्ही सांगू नका. तुमच्या तोंडून नको. तुम्ही जा आता सर. खरंच जा, उभे नका राहू, नंतर या. पायरी पाहून उतरा. — फलक, इकडं ये. ये ना, मी रागावत नाही, डोळे वटारत नाही, हे पाहा, मिटले. या मांडीवर बस. अन् इथं, कानाले तोंड लाव, असं, चिकटून, अन् जोरात सांग. आजीनं मले शिवी दिली असंन तर तीही सांग. आता मी बोलत नाही.